तो तक्ता पुसू नका: आमच्या पथकाच्या प्रमुखांना खुले पत्र

पथकप्रमुख, दोन्ही उपप्रमुख आणि पथकातले सर्व कमांडर यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री तुमची सूचना वाचली. चारच ओळी होत्या. खेळातलं युद्ध संपून बराच काळ झाला, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या आपल्या सर्व्हरवर आता कुणी फिरकत नाही, महिनाअखेरीस तो, रोजच्या नोंदींच्या तक्त्यासकट, कायमचा पुसून टाकतो आहोत, ज्यांना काही हवं असेल त्यांनी स्वतः उतरवून घ्यावं. खाली सहा-सात जणांनी हात जोडल्याच्या खुणा केल्या, एकाने ‘छान दिवस होते’ असं लिहिलं आणि विषय मिटला. माझ्यापुरता तो मिटलेला नाही. मी तुम्हाला खासगीत दोनदा लिहिलं. पहिल्यांदा ‘ताई, एवढं काय आहे त्यात’ असं उत्तर आलं, दुसऱ्यांदा काहीच आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. पथकाबाहेरचे लोकही हे वाचतील, तेव्हा तुम्हाला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी मला पुन्हा सांगाव्या लागतील. तेवढं सहन करा.

एलिट डेंजरस हा अंतराळातला ऑनलाइन खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला. आपली आकाशगंगा त्यात खऱ्या मापाने उभी केली आहे, सुमारे ४० हजार कोटी तारामंडळं. खेळणारा प्रत्येक जण कमांडर. त्याचं एक जहाज असतं आणि पुढे काय करायचं ते त्याचं त्यानेच ठरवायचं. खेळातलं साल आपल्यापेक्षा १२८६ वर्षं पुढे चालतं, म्हणजे आपलं २०२२ ते तिथलं ३३०८. या आकाशगंगेत माणसाखेरीज आणखी एक जात आहे, थारगॉइड. १९८४ च्या मूळ खेळातही ते होते, पण नव्या खेळात ते आले हळूहळू, चाहूल देत. २०१५ मध्ये खेळाडूंना अवकाशात तरंगणाऱ्या, आवाज करणाऱ्या अनोळखी वस्तू सापडल्या. त्या आवाजात मोर्स लिपी दडली आहे हे खेळाडूंनीच कान देऊन शोधून काढलं. कॅनन नावाचा खेळाडूंचा संशोधन गट तेव्हापासून अशा एकेका खुणेचा माग काढत राहिला. मग ५ जानेवारी २०१७ ला एक्सबॉक्सवर खेळणाऱ्या एका कमांडरचं जहाज एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे घेतलेल्या उडीच्या मधोमध बाहेर खेचलं गेलं, त्याची सगळी यंत्रणा बंद पडली आणि फुलासारखं एक अवाढव्य जहाज त्याच्यासमोर येऊन थांबलं. त्या कमांडरने ते चित्रित करून लोकांपुढे ठेवलं. तो प्रसंग आज आपल्याला माहीत आहे तो त्या चित्रीकरणामुळे.

प्रत्यक्ष आक्रमण आलं त्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी. ९ ऑगस्ट २०२२ ला एचआयपी २२४६० या तारामंडळात माणसांनी थारगॉइडांवर एक महाअस्त्र चालवलं आणि ते माणसांवरच उलटलं. पुढच्या काही महिन्यांत आकाशात एकामागून एक धूसर ठिपके दिसायला लागले आणि ते सरकत होते. जगभरातले खेळाडू वेगवेगळ्या ताऱ्यांपाशी जाऊन एकाच ठिपक्याची छायाचित्रं घ्यायचे, दिशा काढायचे, रेषा जिथे छेदतील तिथे नकाशावर खूण करायचे आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करायचे. ठिपके माणसांच्या वस्तीकडे येत आहेत हे असं कळलं. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस पहिले ठिपके पोहोचले. आत होते टायटन, म्हणजे थारगॉइडांची महाकाय मुख्य जहाजं, प्रत्येक जण विषारी ढगात गुरफटलेला. एकूण आठ. त्यांना वादळाच्या आणि विजेच्या देव-देवतांची नावं मिळाली: तारानिस, लेइगाँग, ओया, कोसिहो, थॉर, रायजिन, हदाद आणि इंद्र. आपण आघाडी घेतली ती इंद्राची. नाव घरातलं होतं.

आता माझं या सगळ्याशी काय नातं ते सांगते. मी पुण्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते. खेळायला बसते ती घरातली निजानीज झाल्यावर. २०२१ मध्ये मी पथकात आले तेव्हा पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाणे, एक जण दुबईतला, एक न्यूजर्सीतली, असे आपण त्रेचाळीस जण होतो आणि बोलायचो ते मराठीत. लढाईत मी कधीच पुढे नव्हते. थारगॉइडांची लढाऊ जहाजं म्हणजे इंटरसेप्टर. त्यांत सायक्लॉप्सची चार हृदयं, बॅसिलिस्कची पाच, मेड्युसाची सहा आणि हायड्राची आठ. भोवती घोंगावणारा थवा चुकवत, गॉस तोफेचा प्रत्येक नेम धरत ती एकेक करून फोडायची, हे काम करणारे हात वेगळे असतात. आपल्यात असे सात-आठ जण होते आणि त्यांच्याबद्दल मला आजही तेवढाच आदर आहे.

मी माणसं आणायचे.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना कळावं म्हणून लिहिते. हल्ला झालेल्या स्थानकाच्या तोंडातून आत शिरलं की समोर धूर. आगीने जहाज तापत जातं, उष्णता बाहेर टाकणारी हीट सिंक सोडत सोडत पुढे सरकायचं. कुठूनतरी स्फोट होतो आणि जहाज बाजूला फेकलं जातं. जागेवर उतरायचं, केबिन भरायच्या, माझ्या पायथनमध्ये शंभराच्या आसपास माणसं मावायची. मग त्याच धुरातून उलटं बाहेर. बाहेर इंटरसेप्टर वाट बघत असतात. त्यांच्या अंगावर न जाता, त्यांना अंगावर न घेता उडी मारायची आणि माणसं बचाव जहाजावर पोचवायची. परत यायचं. रात्री दहा ते साडेबारा एवढ्या वेळात चार खेपा झाल्या तर तो दिवस चांगला गेला असं मी म्हणायचे. ती माणसं खेळातली आहेत, त्यांना नाव नाही, चेहरा नाही, हे मला कळतं. तरीही पाचव्या खेपेला वेळ उरला नाही की मला झोप लागायची नाही.

आणि मी तक्ता ठेवायचे. आम्ही दोघं ठेवायचो. त्या दुसऱ्याबद्दल पुढे लिहिणार आहे, कारण हे पत्र अर्ध्याहून जास्त त्याच्यासाठीच आहे.

या युद्धाचा आठवडा गुरुवारी सकाळी सात वाजता जागतिक वेळेनुसार बदलायचा, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबाराला. पुण्यात गुरुवार हा पाणी बंद असण्याचा वार, त्यामुळे सकाळ आधीच धावपळीची जायची आणि साडेबाराला डबा उघडता उघडता मी फोनवर सर्व्हर उघडायचे. कोणतं तारामंडळ अलर्टमध्ये, म्हणजे हल्ल्याच्या इशाऱ्याखाली गेलं, कुठे प्रत्यक्ष आक्रमण सुरू झालं, कोणतं थारगॉइडांच्या ताब्यात गेलं, कोणतं सुटून सावरायला लागलं. अलर्टमधल्या तारामंडळाची बचावाची प्रगती दाखवणारी पट्टी आठवड्यात भरली तर ते वाचायचं, नाही भरली तर पुढच्या गुरुवारी तिथे आग. जगभरच्या खेळाडूंनी यासाठी मोठी साधनं उभी केली होती, ओव्हरवॉचच्या संकेतस्थळावर सगळ्या आघाड्यांची स्थिती दिसायची. पण आपल्या त्रेचाळीस जणांनी आज रात्री नेमकं कुठे जायचं, हे आपला तक्ता सांगायचा. तारामंडळाचं नाव, टायटन, स्थिती, रात्री आठची पट्टी, उरलेले आठवडे, धोक्यातलं स्थानक, बचाव जहाज किती लांब, कोण जाणार. आणि शेवटचा स्तंभ, शेरा.

त्या शेऱ्याच्या स्तंभात काय काय आहे हे तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? ‘धूर फार, हीट सिंक चार तरी न्या.’ ‘मोठं जहाज नेऊ नका, बाहेर हायड्रा आहे.’ ‘नाशिककरांकडे लाईट गेली, त्यांची खेप ठाण्याने घ्यावी.’ ‘पट्टी हलत नाही, इथला नाद सोडा, शेजारचं वाचेल.’ ‘दहावीचा निकाल, आज कुणीच नाही.’ ‘गेलं.’ हा एकच शब्द एकोणतीस ठिकाणी आहे. त्या प्रत्येक ठिकाणी आदल्या रात्रीपर्यंत कोणीतरी आपल्यापैकी येत-जात होतं.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली. हा निर्णय तिघांनी मिळून घेतला. सर्व्हर तुमच्या नावावर आहे हे मान्य. तुम्ही तो वर्षानुवर्षं सांभाळलात, वाढीव सोयींसाठी खिशातून पैसे भरलेत, भांडणं मिटवलीत, याची जाण मला आहे आणि हे मी उपचार म्हणून म्हणत नाही. पण त्यात जे साठलं आहे ते त्रेचाळीस जणांनी दोन वर्षं रोज रात्री भरलेलं आहे. खोली तुमची असेल, दप्तर सगळ्यांचं आहे. जाळण्याआधी विचारायला हवं होतं.

दुसरी. ‘स्वतः उतरवून घ्यावं’ हे लिहायला सोपं आहे, करायला जवळजवळ अशक्य. सभासदाला पूर्ण संभाषण एकत्र उतरवून घेण्याची सोय तिथे नाही. मोहिमांच्या वाहिन्या तर तुम्ही युद्ध संपल्यावर आमच्यासाठी बंदच केल्यात, त्या आम्हाला दिसतही नाहीत. तक्ता प्रमुखांच्या खात्यावर आहे, आम्हाला तो फक्त वाचता येतो. आवाजी नोंदी एका उपप्रमुखांच्या संगणकावर आहेत. म्हणजे जे आमच्या हातात नाहीच ते आम्ही महिन्याभरात घेऊन जावं, असं या सूचनेचं म्हणणं आहे. संगणकावर खेळणाऱ्यांच्या यंत्रात खेळ स्वतःच जर्नलच्या फायली लिहीत असतो, प्रत्येक उडी, प्रत्येक प्रवासी, प्रत्येक लढाई त्यात असते, हे खरं. पण निम्म्या लोकांनी या काळात लॅपटॉप बदलले, फॉरमॅट केले, आणि सेव्ह्ड गेम्सच्या कप्प्यात असं काही असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हे सांगणं पथकाचं काम होतं. माझंही होतं, मी ते केलं नाही.

तिसरी तक्रार माझ्या मते सगळ्यात मोठी आहे.

कोल्हापूरचे आपले कमांडर प्लेस्टेशनवर खेळायचे. पथक सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या पाच जणांत ते होते. १० मार्च २०२२ ला कन्सोलवरच्या खेळाचा पुढचा विकास थांबवल्याची घोषणा झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आकाशगंगाच दोन झाल्या, युद्ध एकीत आणि कन्सोलवाले दुसरीत. जिथे ते जहाज उडवू शकत होते तिथे टायटन आलेच नाहीत. खातं संगणकावर न्यायची सोय दिली होती, पण हा खेळ झेपेल असा संगणक घ्यायला तेव्हा त्यांच्याकडे पैसे नव्हते. थारगॉइडांशी पहिली गाठ पडली ती एका कन्सोलवरच्या खेळाडूची, आणि युद्ध आलं तेव्हा कन्सोलवाले बाहेर. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. ते गेले नाहीत. रोज रात्री आपण त्यांना नकाशातल्या पट्ट्यांची छायाचित्रं पाठवायचो. ते पट्टी मोजायचे, कालच्याशी ताडून बघायचे, या गतीने गुरुवारपर्यंत कोणती भरेल आणि कोणती भरणार नाही हे काढायचे आणि तक्त्यात लिहायचे. आपण नऊ-दहा जणच मोकळे असलो तर तीन ठिकाणी विखरायचं की एकाच ठिकाणी जोर लावायचा, हे त्यांच्या आकड्यांवर ठरायचं. दोन वर्षांत त्यांचा एक गुरुवार चुकला, तो त्यांच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेचा.

युद्ध संपल्यावर तुम्ही मानाची यादी लावलीत. त्या यादीत त्यांचं नाव नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की यादी इंटरसेप्टर पाडण्याच्या आकड्यांवरून केली आहे आणि त्यांचा आकडा शून्य आहे. माणसं वाहून नेणाऱ्यांपैकीही एकाचंच नाव त्यात आहे, तेही त्याने चार सायक्लॉप्स पाडले होते म्हणून.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि चुकीचा हिशेब बघून गप्प बसणं माझ्या पेशात बसत नाही. टायटन पडले कसे ते आठवा. २०२४ च्या सुरुवातीला त्यांच्यावर मारा करायला टॉर्पेडो मिळाले. मग तारानिस पडला, सगळ्यांत पहिला. पण टायटन किती घाव सोसेल हे त्याच्या ताब्यात किती तारामंडळं आहेत यावर ठरायचं. ताब्यातली तारामंडळं जितकी कमी, तितका तो कमजोर. इंद्राचं आठवं हृदय फुटलं त्या रात्री आपण सगळे ओरडलो, मीही ओरडले. ते हृदय फुटण्याजोगं कुणी केलं? ज्यांनी त्याआधी वर्ष-दीड वर्ष एकेका अलर्टची पट्टी भरून तारामंडळ त्याच्या हाती जाऊ दिलं नाही, त्यांनी. त्यात पाडणारे होते, वाहणारे होते आणि मोजणारा एक होता. सर्व्हर पुसला की यातल्या दोघांचा पुरावाच उरत नाही. उरेल ती फक्त मानाची यादी, कारण तिचं चित्र तुम्ही सगळीकडे लावलं आहे. पाच वर्षांनी कुणी विचारलं की मराठी पथक त्या युद्धात काय करत होतं, तर उत्तर येईल की आठ जण होते आणि त्यांनी इतके पाडले.

चौथी. ‘हे आता कुणाला लागणार?’ असं तुम्ही मला विचारलंत. मला हा प्रश्न आपल्या तोंडी शोभत नाही असं वाटतं, कारण आपण ज्या गावात बसतो तिथेच १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. राजवाडे गावोगाव हिंडले ते कुणाच्या माळ्यावरचे, कुणाच्या अडगळीतले कागद गोळा करत. पानिपताच्या काळातली पत्रं त्यांना वाईला मिळाली. आपल्याला आज पानिपत कळतं ते नुसत्या तलवारींच्या वर्णनातून कळत नाही, धान्य कुठून येणार होतं, पैसा का पोचला नाही, कोण कुठे अडकलं, असल्या रोजच्या पत्रांतून कळतं. ती लिहिणाऱ्यालाही वाटलं नसेल की ही कुणाला लागतील. मी आपल्या खेळाची पानिपताशी बरोबरी करत नाही. तिथे माणसं मेली. मी बोलते आहे ते कागदाबद्दल. रोजचा कागद कुणाला लागेल हे तो लिहिणाऱ्याने आणि तो सांभाळणाऱ्याने ठरवायचं नसतं.

आणि लागणार आहे हे मला आत्ताच दिसतं. माझ्या भाचीने गेल्या दिवाळीत हा खेळ घेतला. मेलेल्या टायटनांचे अवशेष बघायला ती गेली होती. मला विचारत होती, आत्या, हा पडला तेव्हा तू कुठे होतीस? मी तिला तक्ता उघडून दाखवला. शेऱ्याचा स्तंभ ती तासभर वाचत बसली. डिसेंबर २०२४ मध्ये कोसिहो थेट आपल्या सूर्यमालेत आला तेव्हाचे पंधरवड्याचे शेरे तिने मोठ्याने वाचून दाखवले. त्यातला एक माझा आहे, ‘खाली पृथ्वी दिसते आहे, हात थरथरतो.’ मी तो लिहिल्याचं विसरले होते.

पाचवी थोडक्यात. जगातल्या मोठ्या गटांनी आपापल्या नोंदी, मार्गदर्शिका, शोध खुले ठेवले आहेत आणि आपण सगळे त्यावरच शिकलो. थारगॉइडांशी लढायचं कसं हे आपल्या पोरांना अँटी-झीनो इनिशिएटिव्हच्या लोकांनी लिहून ठेवलेलं वाचून कळलं. पण ते सगळं इंग्रजीत आहे. मराठीत या युद्धाची एवढी मोठी, रोजच्या रोज केलेली दुसरी नोंद माझ्या पाहण्यात नाही. जी आहे ती आपण महिनाअखेरीस पुसणार आहोत.

तुमची एक अडचण मला रास्त वाटते आणि तिला उत्तर द्यायला हवं. खासगी बोलण्यांत भांडणं आहेत, घरगुती गोष्टी आहेत, खरी नावं आहेत, एकमेकांना बोललेले वाईट शब्द आहेत. ते चव्हाट्यावर येऊ नये असं तुम्ही म्हणालात. मलाही ते नको आहे. लाईट गेली, निकाल लागला, एवढं राहू द्या. आजारपणं, नोकऱ्या, पैशाच्या अडचणी काढून टाका. कोल्हापूरच्या कमांडरांबद्दल मी वर लिहिलं आहे ते त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. तशीच परवानगी प्रत्येकाची घेता येईल. ज्याला आपलं नको असेल त्याचं गाळू. सगळं ठेवणं आणि सगळं पुसणं यांच्या मध्ये बरीच जागा आहे.

तर माझ्या मागण्या अशा.

सर्व्हर पुसण्याची तारीख तीन महिने पुढे ढकला. सभासदांना विचारल्याशिवाय नवी तारीख ठरवू नका.

तक्त्याची पूर्ण प्रत, जुन्या बदलांच्या इतिहासासकट, या आठवड्यात निदान तीन सभासदांच्या हाती द्या. त्यातले एक कोल्हापूरचे कमांडर असावेत.

मोहिमांच्या वाहिन्या सभासदांना वाचण्यापुरत्या पुन्हा उघडा आणि प्रमुखांच्या अधिकारातून त्यांची एक प्रत काढून ठेवा. आवाजी नोंदींचीही.

खासगी मजकूर गाळून उरलेली नोंद सगळ्यांना वाचता येईल अशी खुली ठेवा. शेऱ्याचा स्तंभ जसाच्या तसा राहू द्या, शुद्धलेखन सुधारू नका.

ज्यांच्या संगणकावर जर्नलच्या फायली अजून शिल्लक आहेत त्यांनी त्या जपून ठेवाव्यात, अशी सूचना आजच द्या. ही पुढच्या महिन्यात देऊन उपयोग नाही.

मानाची यादी मागे घ्या आणि नव्याने करा. पाडलेले किती, आणलेले किती, पोचवलेलं सामान किती, तक्त्यात भरलेले दिवस किती, हे सगळे रकाने त्यात असावेत. नावं आकड्यांच्या क्रमाने नको, पथकात आल्याच्या क्रमाने लावा. तसं केलंत तर कोल्हापूरचे कमांडर आपोआप पहिल्या पाचांत येतात आणि त्यांची जागा तीच आहे.

यातलं एकही काम तुम्ही तिघांनी करावं असं माझं म्हणणं नाही. तक्ता उतरवणं, वाहिन्या चाळणं, परवानग्या घेणं, गाळणं, हे मी करते. ठाण्याचे दोघे आणि न्यूजर्सीची कमांडर मदतीला तयार आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे. साठवणुकीचा खर्च आम्ही चौघे वाटून घेऊ. तुमच्याकडून हवी आहे ती परवानगी आणि दोन मिनिटं, तक्त्याची मालकी दुसऱ्या खात्यावर करायला तेवढीच लागतात.

तुमचा राग करून हे लिहिलेलं नाही. दादा, २०२३ च्या पावसाळ्यात माझं जहाज गंजवणाऱ्या ढगात सापडलं होतं तेव्हा तुम्ही तुमची लढाई अर्धवट सोडून आला होतात आणि माझ्यासोबतची माणसं सुखरूप पोचली होती. तुमच्या खात्यात त्या रात्री एकही इंटरसेप्टर नाही. तक्त्यात मात्र ती रात्र आहे, माझ्या हाताने लिहिलेली, तुमच्या नावासकट. ती तरी वाचून बघा आणि मग ठरवा.

गुरुवारी रात्री दहाला मी नेहमीच्या वाहिनीवर असेन. उत्तर तिथे दिलंत तरी चालेल.

आपली,
पथकातली एक कमांडर
पुणे